राखुंडीवाला हेमराज

आमच्या शेजारचा हेमराज रोज सकाळी साडेसहाला धान्याच्या कोठीत डोकं घालून ओरडतो. कोठी पत्र्याची, दोन पोती ज्वारी मावेल एवढी, आणि खास या कामासाठी रिकामी ठेवलेली. ओरडतो म्हणजे कुणाला हाक मारतो असं नाही. पोटाच्या तळातून एक खरखरीत, लांबलचक डरकाळी काढतो, थांबून गरम पाण्याचा घोट घेतो आणि पुन्हा डोकं आत घालतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कोठी, असं त्याचं म्हणणं. पत्र्यात आवाज घुमून दुप्पट होतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं डोकं आत असतं, त्यामुळे त्याला एकट्यालाच ते कळलेलं नाही.

आम्ही नंदुरबारला या घरात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तो आवाज ऐकला. कुणाला तरी विजेचा झटका बसला असं समजून मी लाकडी काठी घेऊन धावलो. हेमराजने डोकं बाहेर काढलं. लालबुंद चेहरा, खांद्यापर्यंत केस, काळ्या टी-शर्टवर पांढरी कवटी. माझ्या हातातल्या काठीकडे बघून तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "या सर. चहा लेतस का?"

हेमराज मूळचा रनाळ्याचा. इथे एका मिरचीच्या पथारीवर देखरेखीचं काम करतो. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोठं मैदान. हंगामात तिच्या कडेने नुसतं सायकलवरून गेलं तरी माणूस शिंकत घरी पोचतो. हेमराज तिथे दिवसभर उभा असतो, तोंडाला साधा रुमालही न बांधता. वय चाळीस, लग्न झालेलं नाही, आणि सुट्टीच्या दिवशी तो 'राखुंडी' नावाच्या मेटल बँडचा गायक असतो. आपल्या आवाजाचं श्रेय तो नोकरीतल्या धुळीला देतो. "मिरचीनी धूय गयामा गई का आवाज आपोआप फाटस," असं त्याने मला एकदा समजावून सांगितलं. "पुनावालास्ले हाई कोठून भेटी?"

राखुंडीत तिघे जण आहेत. ड्रम वाजवणारा प्रवीण शहाद्याला दातांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे. गिटारवाल्या सचिनचं इथेच झेरॉक्सचं दुकान आहे. बँडचं नाव प्रवीणचं. राख, स्मशान, सर्वनाश असं काहीतरी भयंकर मनात धरून तो शब्द शोधायला बसला आणि सापडला तो दात घासायचा. चूक लक्षात आली तोवर ड्रमवर नाव रंगवून झालं होतं.

जगातल्या प्रत्येक गोष्टीची परीक्षा हेमराज एकाच मापाने करतो. वजन. चहा पातळ झाला तर "वजन नही शे". आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला मी त्याला हौसेने बोलावलं, तर समूहगीत संपल्यावर तो कानात म्हणाला, "पोरे चांगला शेतस सर, पन वजन नही शे." माझ्या बायकोने, मंगलाने, त्याला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दिली तेव्हा मात्र पहिल्याच घासाला त्याने मान डोलावली आणि "वजन शे" म्हणाला. ही स्तुती की तक्रार, हे मंगलाला दोन दिवस ठरवता आलं नाही.

या मेटलपायी त्याचं एक ठरू घातलेलं लग्न मोडलं, आणि ते माझ्यासमोर मोडलं. मध्यस्थाने मुलीकडे सांगून ठेवलं होतं की मुलगा मेटलमध्ये आहे, पार सुरतेपर्यंत नाव आहे. आता आमच्याकडे मेटल म्हणजे रस्त्यावर टाकायची खडी. मुलीचे वडील रस्त्यांची छोटी कामं घेणारे, ते खूश होऊन आले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी क्रशर, म्हणजे खडी फोडायचं यंत्र, कुठे आहे म्हणून विचारलं. हेमराजला वाटलं, आवाजाची चौकशी चालली आहे. त्याने छातीवर हात ठेवला, "आठेच शे" म्हणाला, आणि पाहुण्यांना नीट कळावं म्हणून कोठीपाशी जाऊन ओरडूनही दाखवलं. मुलीचे वडील बशीतले पोहे तसेच ठेवून उठले. हेमराजला त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. उरलेले पोहे आम्ही दोघांनी संपवले.

हे सगळं मी हसत हसत लोकांना सांगत असे. त्या सुरतेच्या फेरीनंतर जरा जपून सांगतो.

झालं असं की मला डोळे दाखवायला सुरतेला जायचं होतं. मोठा दवाखाना म्हटलं की आमच्याकडची माणसं सुरतच गाठतात. राखुंडीचा तिथे कार्यक्रम होता आणि सचिनच्या गाडीत एक जागा रिकामी होती. चार तास मेटलवाल्यांच्या गाडीत बसायचं म्हणून मी खिशात कापसाचे बोळे घेऊन निघालो.

गाडीच्या स्पीकरला एक खोड होती. जवळ जो फोन सापडेल त्यातलं गाणं तो न विचारता लावायचा. गाडी सुरू झाली तशी सनई सुरू झाली. सचिनने घाईघाईने आपला फोन बंद केला. दोन मिनिटांत एका गझलेने उसासा टाकला. प्रवीणने फोन बायकोचा असल्याचं सांगितलं, पण तो उघडला त्याच्याच अंगठ्याने. मी मास्तर असल्यामुळे चौकशी सोडली नाही. तेव्हा हळूहळू बाहेर आलं की राखुंडीतल्या कुणीही गेल्या दोन वर्षांत घरी मेटल ऐकलेलं नाही. प्रवीणचं म्हणणं, दिवसभर दात कोरायच्या मशीनचा आवाज ऐकल्यावर संध्याकाळी कुणीतरी हळू बोलावं एवढंच वाटतं. हलवाई कुठे स्वतःची मिठाई खातो, असं सचिन म्हणाला. तिघांनीही हे एकमेकांपासून लपवलं होतं. मला फार मजा वाटत होती.

तेवढ्यात स्पीकरला हेमराजचा फोन सापडला.

एक बाई गात होती. साथीला काही नव्हतं, फक्त झोक्याच्या कड्यांची किरकिर आणि मागे कुणाचं तरी हसणं. आखाजीचं गाणं होतं. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात आणि त्यावर बसून गातात. हेमराजने बंद करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"मन्ही ताई शे," तो म्हणाला. "यामा वजन शे, सर."

मग तुकड्यातुकड्याने कळलं. ताई त्याची एकुलती एक थोरली बहीण, नवापूरला दिलेली. आई होती तेव्हाच्या शेवटच्या आखाजीला त्याने हे फोनवर भरून घेतलं होतं. आई गेल्याला चार वर्षं होत आली, आणि त्यानंतरच्या तीन आखाज्यांना ताई आली नव्हती. हा दरवर्षी फोन करून निघून ये म्हणायचा. ती बरं म्हणायची आणि यायची नाही. भांडण नव्हतं, वाटणीचा वाद नव्हता. त्याने आपला अर्थ लावून घेतला होता. "माय गई, तिन्हं माहेर सरनं," तो म्हणाला. पथारीवर दिवसभर कानात इअरफोन घालून उभा असतो, तेव्हा तो हेच एक गाणं ऐकत असतो. आम्हाला वाटायचं, आत डरकाळ्या चालल्या असतील.

नवापूर आलं तसा हेमराज बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि गाव मागे पडेपर्यंत वर आला नाही. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. खरं सांगायचं तर मला त्याची कीव आली नाही, राग आला. चाळीस वर्षांचा माणूस कार्यक्रमांसाठी वर्षातून चार वेळा बहिणीच्या गावावरून जातो आणि उतरत नाही, हे मला पटेना.

घरी येऊन मी हे मंगलाला सांगितलं. तिचं माहेर कोरीटचं, आणि आखाजीला तिथे जायला ती एकदाही चुकलेली नाही. हातातली मेथी तशीच ठेवून ती कुंपणापाशी गेली आणि तिने हेमराजला हाक मारली.

"ताईकडे मुऱ्हाळी कोन गयथा?"

मुऱ्हाळी म्हणजे माहेरहून मुलीला न्यायला येणारा माणूस. वडील, भाऊ, चुलता, कुणीही चालतो, पण दारात माणूस यावा लागतो. त्याच्याशिवाय सासुरवाशीण आखाजीला निघत नाही. हेमराजचे वडील होते तोवर ते जायचे. पुढे आई चुलत्याला पाठवायची. हे कुणीतरी पाठवावं लागतं, हेच हेमराजच्या गावीही नव्हतं. नळाला पाणी यावं तशी ताई येते, अशी त्याची समजूत होती. फोन तर दरवर्षी केला, असं तो पुटपुटला.

"फोनना मांगे कोनी निंघस का, भाऊ?" मंगला म्हणाली. "सासूले ती काय सांगी? मोबाईल लेवाले उना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठी गप्प होती. तिसऱ्या दिवशीही. गल्लीतल्या एकदोघांनी मला त्याची तब्येत विचारली.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी राखुंडीचा कार्यक्रम पुन्हा सुरतेलाच ठरला होता. हेमराजने तो नाकारला. सचिन रागावला, चार दिवस बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी गाडीची किल्ली आणून माझ्या हातात दिली. हेमराजला गाडी चालवता येत नाही हे कारण होतंच, पण त्याला एकट्याला जायची भीती वाटत होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "ती नही म्हननी ते, सर?" आता फोनची सबब उरली नव्हती. दारात जाऊनही ती नाही म्हणाली असती, तर माहेर खरंच सरलं होतं.

काळ्याशिवाय त्याच्याकडे कपडा नव्हता. मंगलाने माझा पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. तो घालून, केस बांधून, सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन हेमराज बसला तेव्हा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा फॉर्म भरायला निघाल्यासारखा दिसत होता. रस्ता रिकामा होता. विसरवाडीला चहा घेतला आणि पाच मिनिटांत पुन्हा निघालो. वाटेत त्याने ताईला न्यायला आलोय हे एकच वाक्य घोकलं, "ताईले लेवाले उनू." कधी घाईने, कधी सावकाश.

नवापूरला ताईच्या ओट्यावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. पांढऱ्या शर्टात त्याला न ओळखून त्यांनी कोण म्हणून विचारलं. हेमराजने तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला. मी त्याच्या वतीने बोलणार, एवढ्यात आतून पिठाचे हात घेऊन ताई बाहेर आली. तिने भावाच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"इतला येळ लागना तुले?"

"विसरवाडीले अडकी गऊ, ताई," हेमराज म्हणाला.

ताईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते मला दिसलं नाही. सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज सांगू लागल्या.

"थैली भरेल शे तिन्ही. दर आखाजीले भरस. मी सांगस, भाऊना फोन उना ना, निंघी जाय. ती म्हनस, नही, मन्हा मुऱ्हाळी येई."

हेमराज पायरीवरच बसला. माझ्या शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले, आणि ताई थैली आणायला आत गेली.