गच्चीवर दहाच

एर्मेकच्या सासऱ्यांच्या सत्तरीला पाहुणे चाळीस येणार होते आणि अंगण महापालिकेनं पाइपासाठी खणून ठेवलं होतं. सासऱ्यांनी, सागिनबायनी सरळ जाहीर केलं, "गॅरेजच्या गच्चीवर युर्ताचा तंबू उभारू."

"पेलेल ना?" त्यांच्या मुलीनं, ऐनुरानं विचारलं.

"तुझा नवरा कशाला आहे? अकरा वर्षं दुसऱ्यांना सल्ले विकतोय. घरी एक फुकट देईल! पण तोंडी नको हं जावईबापू, शिक्क्याचा कागद पाहिजे."

इंजिनियर एर्मेकला मनातून गुदगुल्या झाल्या. जन्मभर बस चालवलेल्या सासऱ्यांच्या लेखी ऑफिसात बसून कागद लिहिणं हे काही काम नव्हतं. आज पहिल्यांदाच त्यांना त्याची गरज पडली होती.

त्यानं सळ्या तपासल्या, स्लॅबची जाडी मोजली, हिशेब केला. युर्ता, ताटं, लठ्ठ पाहुणे असं सगळं धरून चाळीस माणसांचं वजन गच्ची आरामात पेलत होती. पण सल्लागार कंपनीतून एकट्याच्या सहीनं कागद बाहेर जात नाही. तपासनीस ल्युदमिलाबाईंनी चष्मा पुसला आणि "आपण सावध असलेलं बरं" म्हणत चाळीसाचे वीस केले. तालायबेक साहेबांनी "उद्या काही झालं तर माझी मान" म्हणत विसाचे दहा केले. एर्मेकला वाद घालता आला असता. पण सही मिळत होती, शिक्का मिळत होता. त्यानं आपलीही सही करून टाकली.

सासऱ्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मेजवानीच्या दिवशी स्वतः शिडीशी उभे राहिले. "दहा झाले! बाकीचे खाली."

पंचाईत पुढेच होती. पाहुण्याला ऊठ म्हणायचं नसतं. ज्येष्ठानं हात पसरून आशीर्वाद दिला की मगच सगळे उठतात. तेव्हा बेशबरमाकची, म्हणजे मांस-शेवयांची परात अर्धी झाली की सासरे खालून वर ठाण मांडून बसलेल्या थोरल्या काकांना ओरडून सांगायचे, "काका, आशीर्वाद द्या!"

तिसऱ्या पंगतीला काका वैतागले. "अरे, तुला शंभर वर्षं देऊन झाली, नातवंडं देऊन झाली. आता काय, नवी बस देऊ?"

खाली मांस गार होत होतं, बायका एर्मेककडे डोळे वटारून बघत होत्या. तो सासऱ्यांच्या कानाशी लागला. "बाबा, खरं सांगू? चाळीसही चालतात. ऑफिसात जरा जपून लिहितात."

"कोण म्हणतं?"

"मी. मी मोजलंय."

सासऱ्यांनी खिशातला कागद काढून त्याच्यापुढे धरला. "यावर तीन इंजिनियरांच्या सह्या आहेत. तू एकटा. कुणाचं ऐकू?"

"त्यातली एक माझीच आहे हो!"

"मग सही केलीस तेव्हा झोपला होतास?"

शेवटच्या पंगतीला सासरे मानानं वर जाऊन बसले, नऊ पाहुणे त्यांच्या भोवती. उपाशी एर्मेक शिडीच्या चौथ्या पायरीवर पोहोचला, तोच वरून सासऱ्यांचा आवाज आला, "अकरावा!"

तो उतरू लागला. पण सत्तर वर्षांचा उत्सवमूर्ती तोंडातला घास चावतच उठला आणि शिडी उतरून खाली आला. "जा, माझ्या जागेवर बस. परात गरम आहे."

"बाबा, आज तुमचा दिवस आहे!"

"चढ म्हणतो ना!"

वर काकांनी त्याला सरळ मानाच्या जागी बसवलं. पहिला घास घेताना त्याला खालून सासऱ्यांचा आवाज ऐकू आला. ते शेजाऱ्याला कागद दाखवून दटावत होते, "तू कशाला चढतोस? माझ्या जावयानं मोजलंय."