पाटीत न मावलेलं नाव

एका बाईचं नाव मी पाटीवर घेतलं नाही. पाटी लहान पडली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. पाटी लहान नव्हती. लाकूड माझ्या हातातलं होतं, हवी तेवढी मोठी करता आली असती. मी कंटाळा केला, आणि त्या कंटाळ्याची लाज वाटायला मला फार उशीर लागला.

त्या बाई म्हणजे आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या टेलिफोन ऑपरेटर. मी तिथं पॅटर्न शॉपचा सुपरवायझर होतो. ज्या वस्तूचं कास्टिंग करायचं तिचा आधी लाकडी नमुना करतात, ते माझं खातं. नव्वदच्या पुढंमागं बाई कामाला लागल्या. पहिल्या दिवशी मी नाव विचारलं.

"उत्पलवर्णा."

"आणि घरी काय म्हणतात?"

"उत्पलवर्णा."

"तसं नव्हे, हाक मारताना?"

"तेच की. हाक मारायलाच ठेवत्यात न्हवं नाव?"

मग, मी न विचारता, त्यांनी अर्थ सांगितला. उत्पल म्हणजे निळं कमळ. त्याच्या रंगाची ती उत्पलवर्णा. बुद्धाच्या दोन थोर भिक्षुणी शिष्या होत्या, त्यांतली ही एक. एवढं झाल्यावर शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "अख्ख्या जिल्ह्यात ह्या नावाची मी एकलीच हाय. दुसरी कुठं भेटली तर कळवा." हे सगळं त्या चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही सांगत. पलीकडचा बिचारा सिमेंटचा भाव विचारायचा आणि निळं कमळ घेऊन फोन ठेवायचा.

आमच्या कोल्हापुरात पूर्ण नावाची सवय कुणाला? पाळण्यात काहीही ठेवा, तालमीच्या कट्ट्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा बंड्या, पिंट्या नाहीतर बाळ्या होतो. बाईंना हे मान्य नव्हतं. फाउंड्रीत माणसाला बोलवायला लाउडस्पीकर होता आणि त्याचा माइक बाईंच्या टेबलावर. भट्टीच्या आवाजावर चढून त्या सांगत, "श्री. प्रल्हाद ज्ञानदेव यांनी ऑफिसात यावं." कुणी हलत नसे. प्रल्हाद ज्ञानदेव स्वतःच शेजारच्याला विचारत असे, हा कोण नवीन भरती झालाय?

चहावाल्या बाळ्याचं तर असं झालं की 'विश्वनाथ पांडुरंग' अशी त्याची हाक चालू होती आणि तो किटली घेऊन बाईंच्या समोरच उभा होता. "बाई, त्यो यीस्तोवर माझा च्या निवंल," म्हणाला. कळल्यावर मात्र काहीतरी झालं त्याला. थोड्याच दिवसांत गाड्यावर रंगानं लिहून घेतलं, 'विश्वनाथ टी स्टॉल'. गेटवरच्या मोत्या कुत्र्यालाही बाई मोतीराम म्हणत. तो लगेच यायचा. आमच्यात सगळ्यात आधी तो सुधारला.

मी सुधारलो नाही. एवढं नाव घेईपर्यंत शिफ्ट सुटेल, असं मी चारचौघांत म्हणालो आणि त्यांना 'उप्पाताई' करून टाकलं. पोरांनी ते उचललं. बाईंनी भांडण केलं नाही. फक्त त्या नावाला ओ दिली नाही. एकदा फळीवरून खोकं घसरत होतं आणि कुणीतरी ओरडलं, "उप्पाताई, बाजूला!" बाई जागच्या हलल्या नाहीत. मग घाईघाईनं पूर्ण नाव घेतलं गेलं, पण ते संपायच्या आत खोकं त्यांच्या पायाशी येऊन पडलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आता कसं नीट बोलावलंसा."

मला त्या रघुनाथराव म्हणत. मला आयुष्यभर सगळे रघ्या म्हणत आले होते, वडीलसुद्धा. लाउडस्पीकरवर आपलं नाव अख्खं ऐकलं की मी नकळत शर्ट खोचायचो. मला मुलगी झाली आणि आम्ही पूजा ठेवलं. त्या वर्षांत गल्लीत 'पूजा' म्हणून हाक मारली की चार दारांतून चार पोरी बाहेर यायच्या. मला वाटलं, बाई नाक मुरडतील. त्या म्हणाल्या, "चांगलं नाव हाय. फक्त पूजी म्हणू नका." आम्ही कधीच म्हटलं नाही. आज ती पोरगी ज्या ताठ मानेनं आपलं नाव सांगते, त्यात बाईंचा वाटा आहे. तो मी विसरणार नाही.

बाईंचं लग्न झालं नव्हतं. एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं म्हणे. पण मुलाकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची चाल होती आणि त्या लोकांना स्वाती हवी होती. "मी म्हटलं, मग कुठली तरी स्वातीच बघा की." हा किस्सा त्या हसत हसत सांगत आणि आम्हीही हसत ऐकत असू. त्यानंतर दुसरं स्थळ आलं का, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

आमच्या फाउंड्रीत एक पद्धत होती. कुणी घर बांधलं की पॅटर्न शॉपनं त्याच्या नावाची अ‍ॅल्युमिनियमची पाटी ओतून द्यायची. अक्षरं लाकडात हातानं कापायची, फळीवर चिकटवायची आणि वाळूत साचा घ्यायचा. बाईंनी उचगावात दोन खोल्यांचं घर बांधलं. मी कागदावर त्यांचं नाव लिहून पाहिलं. ते जोडाक्षर, तो रफार. एवढी बारीक नक्षी वाळूत ढासळणार, पुन्हा पुन्हा साचा घ्यावा लागणार. आठवडाअखेर होती. मी नुसतं आडनाव कापलं, 'कांबळे'. चकचकीत आलं.

गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाल्यावर मी पाटी दिली. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, बराच वेळ बघितली.

"कास्टिंग झ्याक आलंय," त्या म्हणाल्या. मग हळूच, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आडनाव तर लोक विचारूनच घेत्यात, रघुनाथराव. ते कळलं की पुढं नाव कोण विचारत न्हाय."

मी पाटी लहान पडल्याचं सांगितलं. त्या बरं म्हणाल्या.

नंतर एकदा त्या आजारी पडल्या म्हणून मी घरी गेलो. दारावर काहीच नव्हतं. बाई आत झोपल्या होत्या. म्हाताऱ्या आईनं चहा ठेवायला चुलीवरचा तवा उतरवला आणि खाली ठेवला, तो माझ्या पाटीवर. "फरशी जळत न्हाय त्यानं," त्या कौतुकानं म्हणाल्या. मग माझं नाव विचारलं, आणि स्वतःचंही सांगितलं.

"माझं नाव नकुशी. पोरीवर पोरगी झाली म्हणून. सासूचं कचरी. ही झाली तवा हिचा बा म्हणला, आता आपुन धम्म घेतलाय, पोरीला असलं नाव द्याचं न्हाय. भन्तेंच्या प्रवचनाला गेलता, तितं ह्ये नाव ऐकलं. लिवाय येत न्हवतं. मग काय, समदी वाट घोकत आला. वाटंत पावणं भेटलं, कुठं गेलतास म्हणलं, तर ह्यो तोंडच उघडंना. उघडलं तर नाव सांडंल म्हणून. त्ये पावणं रुसलं ते रुसलंच." आई तोंडाला पदर लावून हसल्या. "घरात आल्या आल्या मला म्हणाय लावलं. मला जमंना. जमंस्तवर जेवला न्हाय मानूस."

तेवढ्यात आत हालचाल झाली आणि त्यांनी हाक मारली. तोंडात एकही दात नव्हता, पण जोडाक्षर जागच्या जागी होतं, रफार जागच्या जागी. "उत्पलवर्णा, पेज पितीस का गं?"

मी त्याच दिवशी काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. चहा पिऊन आलो. पुढं कितीदा ठरवलं, कितीदा टेबलापाशी गेलो आणि दुसरंच काहीतरी विचारून परतलो. अशीच वर्षं गेली. फाउंड्रीत मोबाइल आले, लाउडस्पीकरचं काम कमी झालं, आणि बाईंची आई गेली.

बाई कामावर परतल्या त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणं माइक चालू करून पाहायचा होता. एरवी त्या 'हॅलो, हॅलो' म्हणत. त्या दिवशी कर्ण्यातून थोडी खरखर आली, आणि मग शांत, सावकाश आवाज आला. "उत्पलवर्णा."

एकदाच. पुढं कुणाला बोलावणं नव्हतं, काही सूचना नव्हती. मोल्डिंगवाली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मला मात्र कळलं. तेवढं नाव पूर्ण घेणारं घरात आता कुणी उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी ते स्वतःच घेऊन पाहिलं होतं.

मी शॉपमध्ये गेलो आणि सागवानाची लांब फळी काढली. अक्षरं मीच कापली, कुणाला हात लावू दिला नाही. पहिल्या साच्यात रफार ढासळला. दुसऱ्यात जोडाक्षर भरून गेलं. मग वाळू बारीक चाळून घेतली, आणि आलं.

रविवारी पाटी घेऊन उचगावला गेलो. बाईंनी दारातच ती हातात घेतली. एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, रफारापाशी थांबल्या. आडनाव कुठं आहे, असं काही विचारलं नाही. पाटी माझ्याकडं वळवून म्हणाल्या, "वाचा की."

मी तोंड उघडलं आणि माझ्या ध्यानात आलं, इतक्या वर्षांत हे नाव मी त्यांच्यासमोर एकदाही पूर्ण घेतलं नव्हतं. 'बाई' म्हणून, 'अहो' म्हणून निभावून नेलं होतं. जीभ अडखळली. त्या थांबून राहिल्या.

"उत्पलवर्णाबाई," मी म्हणालो, "माझं चुकलं. पाटी लहान नव्हती."