समाधानाचा आकार

पडेगावच्या सुखसरिता कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असे आणि त्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. तक्रार करायला वेळ लागतो, आणि नळ आला असताना माणूस पाणी भरील की तक्रार करीत बसेल? सगळं कसं सुरळीत चाललं होतं. बिनसलं ते आशाबाईंच्या विहिणीमुळं.

आशाबाईंची सायली पहिलटकरीण. सातवा सरत आला होता आणि बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे आशाबाईंनी सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात खुलताबादहून सायलीच्या सासूबाईंचा, वच्छलाबाईंचा फोन आला.

“विहीणबाई, राग नका मानू, पण पोरगी इथंच राहू द्या. तुमच्याकडं पाण्याची लई ओढ म्हणं. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं तर पाणी नको का? आमच्या दारात विहीर हाय.”

“तशी काय ओढ नाय हो,” आशाबाई म्हणाल्या.

“मग तुमचा जावई, आमचा विश्वजीत, दिवाळीला वाटीभर पाण्यात हातपाय धुऊन आला, ते काय हौसेनं?”

हे आशाबाईंना फार लागलं. पोरीचं पहिलं बाळंतपण सासरी झालं, तर चार बायकांत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रिक्षा केली आणि औरंगपुऱ्यातलं पाण्याचं कार्यालय गाठलं.

तिथली पाटी बदललेली होती. ‘पाणीपुरवठा कक्ष’ जाऊन ‘जलसमाधान कक्ष’ आला होता. आत ऋतुराजसाहेब नावाचे तरतरीत दृश्य-आकलन अधिकारी बसले होते. त्यांनी आशाबाईंचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तेव्हाच खरं तर आशाबाईंच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

“मावशी, पाणी कमी नाही,” साहेब म्हणाले. “ते कमी दिसतं. दोष पाण्याचा नाही, तुमच्या भांड्यांच्या आकाराचा आहे.”

साहेबांनी टेबलावर एक पसरट घंगाळ ठेवलं आणि शेजारी काचेची एक उंच, सडपातळ बरणी. दोन्हींत पाणी होतं. “सांगा, जास्त कशात?”

“ह्या उभ्यात की,” आशाबाई म्हणाल्या. पन्नास वर्षं पाणी भरलेल्या बाईला हे काय विचारायचं?

साहेबांनी दोन्हींतलं पाणी मापून दाखवलं. अगदी सारखं होतं. “माणसाचा डोळा उंची धरतो आणि रुंदी सोडून देतो. बरं, दोन्हींतलं दिसायला कोणतं छान आहे?”

“उभंच छान हाय.”

“म्हणजे तुमची मागणी जास्त पाण्याची नाही, उंच पाण्याची आहे,” साहेब समाधानानं म्हणाले आणि त्यांनी तशी नोंद केली.

आशाबाईंना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. पण साहेबांनी चहा मागवला होता, आणि सरकारी चहा पिऊन झाल्यावर माणसाला हुज्जत घालणं जड जातं.

पुढच्याच आठवड्यात कक्षानं कॉलनीत घरोघर आकृती-अभिरुची पाहणी केली. नागरिकांना दोन चित्रं दाखवण्यात आली आणि सर्वांनी एकमुखानं उभ्या भांड्याला पसंती दिली. ‘पाणी हवे’ असा पर्याय पाहणीत नव्हता. त्यामुळं तो एकाही नागरिकानं निवडला नाही, ही बाब अहवालात ठळकपणे नमूद झाली. घंगाळ, पातेलं, परात आणि हौद हे असमाधानकारक आकार ठरवून जमा करण्यात आले आणि प्रत्येक घराला पारदर्शक फायबरचे ड्रम मिळाले. छातीइतके उंच, कमरेत बारीक, खांद्याला गोलाई. ओटीवर रांगेनं उभे केले की डोळे निवावेत असे. लोकांनी त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढले.

दोन दिवसांनी शेजारच्या ताहेराआपा आल्या. आशाबाईंचं आणि त्यांचं टँकरच्या पायी वीस वर्षांचं भांडण होतं आणि तितकीच माया.

“आशाबाई, इसका मुंह देखे क्या? वाटी जाती, लोटा नै जाता. हाथ डाली तो कोपरतक जाके अटकताय. नीचे का पानी दिखताय, पन हाथ में नै आता.”

“तळाला तोटी मागू या का?”

तोटीचा अर्ज कक्षानं फेटाळला. तोटीतून पाणी काढलं की ड्रममधली पातळी नागरिकाच्या डोळ्यांदेखत खाली जाते, आणि असं दृश्य मनाला खचवतं, असं कारण दिलं होतं. मग साहेब स्वतः पाहणीला आले. घराघरांत ड्रममध्ये अर्धं पाणी शिल्लक पाहून त्यांना भरून आलं.

“मावशी, आठवडा संपला तरी तुमच्याकडे पाणी उरतं. मी म्हणत होतो ना?”

“साहेब, ते उरत नाय. ते निघत नाय.”

“उरण्याला कारण कोणतंही असो, उरलं हे महत्त्वाचं,” साहेब म्हणाले, आणि वसाहतीत पाण्याची मुबलकता असल्यामुळं नळ पंधरवड्यातून एकदा सोडण्याचा निर्णय झाला.

लोकही काही कमी नव्हते. त्यांनी रबरी नळ्या आणल्या, तोंडानं ओढून तळाचं पाणी काढलं, आणि दोन-चार दिवसांत सगळ्या कॉलनीतले ड्रम रिकामे दिसू लागले. कक्षात हलकल्लोळ माजला. समाधानाचं प्रमाण एकदम घसरलं. यावर तातडीचा उपाय म्हणून कक्षाची माणसं आली, त्यांनी सगळे ड्रम पाणी आणून गळ्यापर्यंत भरले, आणि गळ्यात एक पारदर्शक झाकण बसवून खालचा भाग कायमचा सीलबंद केला. झाकणाच्या वर वीतभर जागा उरली. ती नागरिकांच्या वापरासाठी. खालचं पाणी समाधानासाठी.

नेमक्या याच सुमारास वच्छलाबाई खात्री करायला आल्या. रिक्षातून उतरल्या आणि ओटीसमोरच थबकल्या. उन्हात ते भरलेले ड्रम असे काही लखलखत होते, की त्यांनी पदर सावरला.

“अगं बाई, एवढं पाणी?”

आशाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, की अहो, हे नुसतं बघायचं पाणी आहे. पण गेले महिनाभर त्या या बाईसमोर मान वर करायला तरसत होत्या. खरं बोलायचं तर सायली हातची जाते, आणि खोटं तर त्यांना बोलावंच लागत नव्हतं. ड्रम बोलत होते.

“देवाची कृपा,” आशाबाई म्हणाल्या.

“मग पोरीला इथंच ठेवा. माझं काय म्हणणं नाय आता. आमच्या विहिरीत तर वाकून बघावं तवा पाणी दिसतं. त्याला काय शोभा?”

आशाबाईंचा जीव भांड्यात पडला. भांडं उंच असल्यामुळं तो तळाला पोचायला जरा वेळ लागला, एवढंच.

यथावकाश सायलीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर न्हाण्याची तयारी झाली, आशाबाईंनी स्वतःच्या हातानं बाळाला तेल लावलं, हळद-डाळीचं पीठ लावलं. वरच्या वीतभर जागेतलं पाणी सकाळच्या चहातच संपलं होतं. नळाला अजून आठवडा होता. टँकरवाले या कॉलनीत यायचेच बंद झाले होते. एवढे भरलेले ड्रम दिसल्यावर कोण येतं?

पीठ वाळून अंगाला ओढ बसायला लागली, तशी पोर टाहो फोडून रडू लागली.

“आई, पाणी तर दिसतंय की,” सायली म्हणाली.

“दिसायचंच हाय ते, बाई.”

ताहेराआपांनी रडणं ऐकलं आणि प्यायला ठेवलेलं केटलीभर पाणी आणून दिलं. त्यात बाळाचं तोंड पुसून झालं. आशाबाईंनी लाज गुंडाळून ठेवली आणि खुलताबादला फोन लावला.

“विहीणबाई, विहिरीचे दोन हंडे पाणी पाठवता का गाडीतून? नात अंघोळीची थांबलीय.”

“कुठली विहीर?” वच्छलाबाई म्हणाल्या. “तिच्यावर मागल्या आठवड्यात स्लॅब टाकला की. ड्रम उभे करायला सपाट जागा लागते ना. तुमच्याकडचं बघूनच मागवले. लई भारी दिसतंय, विहीणबाई. गाव बघायला येतंय.”

आशाबाईंनी फोन ठेवला. त्यांना विहिणीचा राग आला, साहेबांचा आला, आणि मग सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. एक भरलेली विहीर त्यांनी दोन शब्दांच्या कृपेनं बुजवली होती. त्यांनी नातीला तशीच पिठासकट दुपट्यात घेतली आणि रिक्षानं थेट औरंगपुरा गाठला.

कक्षाबाहेर रांग होती, पार रस्त्यापर्यंत. ज्या वसाहतींत नळाला रोज पाणी येतं, तिथली माणसं होती ती. चांगली शिकलेली, चारचाकीतून आलेली. आमच्यावरच अन्याय का, आम्हाला ड्रम का नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ड्रमच्या बदल्यात रोजचा नळ बंद करून घ्यायला त्यांची लेखी संमती होती.

“अहो, नका घेऊ,” आशाबाई रांगेतल्या एकेकाला सांगत सुटल्या. “ते नुसतं दिसतं. हे लेकरू बघा माझं, अंगावरचं पीठ धुवायला पाणी नाय घरात.”

बाळ रडत होतं. एकानं आशाबाईंना मागून रांगेत यायला सांगितलं. दुसऱ्यानं बाळाला जरा बाजूला न्यायला सांगितलं, गोंधळात नंबर ऐकू येत नाही म्हणून.

तुम्ही रांगेत तिसरे होता. तुम्ही मात्र आशाबाईंचं बोलणं नीट ऐकून घेतलंत. मान हलवलीत, हळहळलात, ‘काय दिवस आलेत’ असंही म्हणालात. मग तुमचा नंबर आला, आणि खिडकीतून आत वाकून तुम्ही विचारलंत, की हाच ड्रम गुलाबी रंगात मिळेल का.