नवा शब्द आणाल तर कप

आमच्या गिरगावातल्या चाळीत दिगूभाऊंकडे चहा प्यायचा तर एक अट असायची. चहाला तुमच्या भाषेत काय म्हणतात ते सांगायचं. शब्द नवा निघाला तर कप, भाऊंच्या वहीत आधीच असला तर बशी! मी नवी नवरी. पहिल्याच दिवशी "चहा" म्हणाले आणि बशीची धनीण झाले.

भाऊ गोदीत कारकून, घरात एकटेच. बोट लागली की खलाशांना गाठून, कप तोंडाला लावायची खूण करून "काय म्हणता याला?" विचारायचे. संध्याकाळी जिन्यातूनच ओरडत यायचे, "वहिनी, अरब सापडला! शाय म्हणतो, शाय!" चिन्यांचा चा, इराण्यांचा चाय. "ना नातं ना गोतं, पण शब्द बघा, सख्खे भाऊ! खुष्कीने गेला तो चाय, बोटीतून गेला तो टी." तमिळ 'तेनीर' मिळवायला माटुंग्याला दोन खेपा घातल्या माणसाने.

खरी जुगलबंदी मात्र तळमजल्यावरच्या किराणावाल्या छगनभाईंशी. ते दिवेलागणीला वर यायचे.

"दिगूभाई, चा सारी थई छे."

"सारी कशी? चांगला झालाय म्हणा! चहा पुरुष आहे!"

"अमारी चा तो बाई छे!"

तास तास चालायचं. बारा वर्षं छगनभाई बशीच पीत होते.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. भाऊही मोर्चात घसा बसेस्तोवर ओरडायचे. इकडे चाळीतले काहीजण छगनभाईंकडे तिरकं बघू लागले. त्यांनी दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावल्या, वर यायचं सोडलं, कायमचं मुलुखाला जायचं म्हणून ट्रंक भरायला घेतली. भाऊंचा स्टोव्ह तीन दिवस पेटला नाही. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "ठेवा वहिनी. आता चुका कुणाच्या काढायच्या?"

चौथ्या दिवशी मोर्चातून आले ते छातीवरच्या बिल्ल्यासकट, किटली घेऊन थेट दुकानात. सगळी चाळ कठड्याला. भाऊंनी कप भरून छगनभाईंपुढे ठेवला, बशी स्वतःला घेतली.

"कप? नवो शब्द तो नथी मारी पासे."

"शब्द राहू दे. महाराष्ट्र झाला की पेढे तुमच्या हातून खायचेत मला. ती ट्रंक माळ्यावर टाका."

छगनभाईंनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि कप उचलला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला जिन्यात आवाज आला, "दिगूभाई, आजे कप के बशी?"

"बशी!" भाऊ आतून गरजले.

आधण मात्र तासभर आधीपासून उकळत होतं.