अळीमुक्त फुलपाखरू उद्यान

कोणत्याही योजनेचा लाभार्थी आधी निश्चित करावा लागतो. म्हणजे मग त्याला योजनेपासून दूर ठेवणं सोपं जातं. मीरा रोडच्या नीलपंख सोसायटीतलं फुलपाखरू उद्यान याच तत्त्वावर उभं आहे आणि त्याचं सगळं श्रेय बी विंगच्या यतीन सामंतांचं. (हल्ली ते स्वतःही हे मान्य करतात.)

२००६ च्या मे महिन्यात यतीनरावांनी सोसायटीकडे पाण्याच्या टाकीमागची जागा मागितली. लांबी बावीस फूट, रुंदी सहा. सेक्रेटरी हंसाबेनच्या मते तिथे सात स्कूटर आरामात मावत होत्या. सर्वसाधारण सभेत चहा दोनदा झाल्यावर तोडगा निघाला: दसऱ्यापर्यंत जागा यतीनरावांची. त्या दिवशी समिती पाहणी करील. फुलपाखरं दिसली तर उद्यान, नाहीतर स्कूटर. गिरगावच्या चाळीत अख्खं बालपण एका तुळशीवर काढलेल्या माणसाला ती सहा फुटी पट्टी गेली तर सहन होणार नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तिच्यात.

काम शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून त्यांनी एका मासिकातल्या लेखाची झेरॉक्स काढली. लेख पाच पानी, पण त्यांनी फक्त तक्त्याचं पान घेतलं: कोणत्या फुलपाखराला कोणतं झाड लागतं. बाकीच्या पानांवर फुलपाखराचं जीवनचक्र होतं आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. मुलीच्या, अनुष्काच्या चौथीच्या प्रकल्पाचा तक्ता त्यांनीच तर रंगवला होता. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. वीसपैकी वीस गुण. तो अजून हॉलमध्ये टांगलेला होता. त्यातली अळी हिरवीगार, गुबगुबीत आणि हसरी होती.

लिंबू लावलं, कढीपत्ता लावला, मिठागराच्या बांधावरून रुई आणून लावली. ओळख पटवण्यासाठी एक भिंग घेतलं, नोंदींसाठी दोनशे पानी वही उघडली. आणि पंधरवड्यात संकट आलं. कोवळ्या पानांवर काळपट-पांढरे किडे दिसू लागले, चिमणीच्या शिटेसारखे. फुलपाखरांसाठी राखलेली पानं हे उपरे सरळ खात होते!

यतीनरावांनी त्याच दिवशी अळीनिर्मूलन उपसमिती स्थापन केली. (सदस्य: स्वतः. विशेष निमंत्रित: पत्नी निशिगंधा, जुना टूथब्रश घेऊन.) रसायनं वापरायची नाहीत, हा निसर्गप्रेमी दंडक. म्हणून तंबाखूचं पाणी, कडुलिंबाचं तेल आणि वेळप्रसंगी अंगठा. तरी रोज संध्याकाळी ऑफिसातून यावं तर पानांवर नवी अंडी. दिवसा त्यांच्या पश्चात कुणीतरी येऊन घालून जात होतं. या समाजकंटकाला पकडायला त्यांनी तीन रजा टाकल्या. तिन्ही दिवस धो धो पाऊस पडला.

सप्टेंबरअखेर वहीतली स्थिती अशी:

अळ्या, मारलेल्या: ४१२.
फुलपाखरं, पाहिलेली: २. (पैकी एक जिन्यातल्या ट्यूबलाइटवरचा पतंग. दुसरी हंसाबेनची हेअरक्लिप.)

"अहो, कुठे काही चुकत तर नाही ना?" निशिगंधानं विचारलं.

"झाडं बघ की," यतीनराव म्हणाले. "एका पानाला भोक नाही!"

दसऱ्याच्या सकाळी गेटवर झेंडू घ्यायला ते खाली उतरले, तेव्हा वाटेत लिंबावर एक किडा सापडला. तो चिमटीत धरूनच ते रंभाबाईसमोर उभे राहिले. रंभाबाई उत्तनकडच्या वाडीतली, रोज भाजी घेऊन येणारी.

"ती कशाला मारतंस, भाऊ?" ती म्हणाली.

"कीड आहे. फुलपाखरांसाठी झाडं वाचवतोय."

रंभाबाईनं झेंडूची माळ खाली ठेवली. "अरे, हीच मोठी झाली का हिरवी व्हते, नि मंग पाखरू. दुसरा कोन न्हाय येत. पोरं मारतंस नि पाखरांची वाट बघतंस?"

यतीनराव वर आले आणि तक्त्यासमोर उभे राहिले. हिरवी होईपर्यंत त्यांनी एकही जगू दिली नव्हती. चारशे बारा! तक्त्यावरची अळी हसतच होती. वीसपैकी वीस.

दहा वाजता समिती आली. आणि खरंच एक मोठं काळं फुलपाखरू आलं, कढीपत्त्यावर क्षणभर टेकलं, पोटाचं टोक वाकवून पानाला लावलं आणि उडालं. टाळ्या पडल्या. "एक तो आलं! आणि पान बघा ना, किती क्लीन!" हंसाबेनचं मन विरघळलं. मग त्यांना फुलपाखरानं पानावर मागे ठेवलेला पिवळा ठिपका दिसला. "यतीनभाई, ये क्या गंदगी? फुलपाखरू चालेल, पण कीडा नाय चालेल हां. बच्चे लोग खेळतात इथे."

ठराव तिथेच मांडला गेला: उद्यान कायम. फुलपाखरांना मुक्त प्रवेश. अळ्यांना सक्त मनाई. देखरेख: श्री. सामंत. यतीनरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. समोर त्यांना सात स्कूटर ओळीनं उभ्या दिसल्या. त्यांनी तोंड मिटलं आणि हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यांचा अंगठा पानाकडे कधी गेला, ते त्यांनाही कळलं नाही.

आपण सुज्ञ वाचक. आपल्या हातून असं होणं शक्य नाही. तेव्हा एकदा खिडकीतला आपला कढीपत्ता पाहून यावं. एकही पान कुरतडलेलं नसेल, तर नीलपंख सोसायटीतर्फे आपलं हार्दिक अभिनंदन.