बिगर हीटरचं अठ्ठावीस

थंडी माणसाच्या अंगाला लागते आणि ॲव्हरेज माणसाच्या नावाला लागते. अंग आज ना उद्या जायचेच असते, नाव मागे राहते. हे तत्त्व ज्याला कळले त्यालाच दौंड तालुक्यात गाडी चालवण्याचा नैतिक अधिकार पोचतो (परवाना आरटीओ देते, ती गोष्ट वेगळी).

कासुर्डीच्या जयसिंगरावांना हे तत्त्व लहानपणीच कळले होते. इतर प्रांतांत कुणी नवी गाडी घेतली की लोक रंग विचारतात, किंमत विचारतात, अगदीच जवळचे असले तर कर्ज विचारतात. यवत पट्ट्यात फक्त "किती देती?" एवढेच विचारतात, आणि ते म्हशीबद्दल नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप समजते. जयसिंगरावांनी हायब्रीड गाडी घेतली ती या प्रश्नाला ताठ मानेने उत्तर देता यावे म्हणून. उत्तर होते, "लिटरला अठ्ठावीस." हे ऐकून यवतच्या स्टँडवर एका माणसाचा चहा ओठांपाशी थांबला होता. तो क्षण जयसिंगरावांनी मनात जपून ठेवला होता.

हायब्रीड गाडी म्हणजे दोन्ही पॅनलमधून अर्ज भरलेली गाडी. पेट्रोलही आपले, बॅटरीही आपली. ऐन वेळी ज्याचे पारडे जड, त्याच्यावर चालायचे. सोसायटीच्या राजकारणात हयात घालवलेल्या जयसिंगरावांना हे तंत्र शोरूमच्या माणसाने समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्यांच्या आई दगडाबाई यांचे मत तेवढे वेगळे पडले. हायब्रीड ज्वारीचा अनुभव जमेस धरून त्या म्हणाल्या, "उतारा देती, पर गोडी न्हाई."

आता मुख्य विषय, म्हणजे हीटर. साध्या पेट्रोल गाडीचा हीटर हा शुद्ध परोपकार असतो. इंजिन तापतेच, त्याची वाया जाणारी ऊब आत घ्यायची आणि पाय शेकायचे. हायब्रीडचे इंजिन मात्र संधी मिळाली की झोपी जाते. ते झोपते म्हणून तर ॲव्हरेज मिळते. पण झोपलेले इंजिन गार पडते, आणि हीटर लावला की पाणी तापवायला त्याला पुन्हा उठावे लागते. म्हणजे ज्या क्षणी पाय उबदार होऊ लागतात, त्याच क्षणी पडद्यावरचा आकडा घसरू लागतो. मोठमोठ्या इंजिनियरांना हा पेच पुरता सुटलेला नाही. जयसिंगरावांनी तो एका सकाळी सोडवला. हीटर लावायचाच नाही, असे ठरले.

धोरण ठरवताना कुटुंबाचे मत घेण्यात आले (ते विरोधात होते) आणि त्याचा योग्य तो आदर राखून धोरण कायम करण्यात आले. हिवाळी व्यवस्थेत चालकाला माकडटोपी, मागच्या सीटला एक सामाईक गोधडी आणि दगडाबाईंना जादा घोंगडी मंजूर झाली. काचेवर वाफ धरली तर काच खाली करावी, असा नियम होता. काच खाली केली की आतली वाफ बाहेर जाते आणि बाहेरची थंडी आत येते. या देवघेवीला पेट्रोल लागत नाही. पत्नी अनुपमाबाई एकदा एवढेच म्हणाल्या होत्या, "आवं, ऊब गोधडीचीच घ्यायची तर गोधडीवर बसून जाऊ की. गाडी कशाला?" ही सूचना दप्तरी दाखल झाली.

हीटर कसा चालतो असे कुणी विचारलेच, तर जयसिंगराव सांगत, "एक नंबर. दोन हिवाळं झालं, एक तक्रार न्हाई." हे अक्षरशः खरे होते.

अशा सुस्थितीत त्यांची मुलगी शितल हिचे लग्न शिरूरला जमायला आले. मुलाकडचे कासुर्डीला येऊन मुलगी पसंत करून गेले होते. आता पौष लागायच्या आत मुलीकडच्यांनी घर बघायचे आणि मनास आले तर तिथेच सुपारी फोडायची, असे ठरले. शितल रांजणगावला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिने आधीच सांगून टाकले, "राहायचं मला हाय, तर घर बघायला मीबी येनार." स्थळ चांगले होते. मुलगा शितलच्या मनात भरला होता, हे जयसिंगरावांच्या नजरेतून सुटले नव्हते, आणि एकुलत्या लेकीचे हे लग्न मोडू नये अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

अडचण एकच होती. मुलाचे वडील सोपानराव यांच्याकडेही तीच गाडी होती, तेच मॉडेल, रंगही तोच. फोनवर बोलता बोलता विषय निघालाच.

"पाव्हणं, तुमची किती देती?"

"अठ्ठावीस," जयसिंगराव म्हणाले.

पलीकडून आकडा पुन्हा एकदा विचारून घेण्यात आला. मग सोपानराव म्हणाले, "आमची सत्तावीसच्या वर जात न्हाई. आलात की पडद्यावर बघूच."

त्या "बघूच" या शब्दाने जयसिंगरावांची झोप उडाली. मुलीच्या बापाचा शब्द एका ठिकाणी खोटा ठरला की हुंडा न देण्याघेण्याच्या बोलीपासून पत्रिकेतल्या गुणांपर्यंत सगळेच संशयास्पद होते. जो ॲव्हरेज फुगवतो, तो मुलीचे वय कमी सांगत नसेल कशावरून? तेव्हा शिरूरच्या दारात गाडी उभी राहील तेव्हा पडद्यावर अठ्ठावीस दिसले पाहिजे, हे आता कन्येच्या भवितव्याचे प्रकरण झाले होते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, धुके असतानाच मंडळी निघाली. चौफुल्यापर्यंत थंडी सोसण्यासारखी होती. केडगाव सोडून दोन्ही बाजूंनी ऊस लागला आणि गाडीत बोलणे बंद झाले. पारगावला भीमेच्या पुलावर तर अशी थंडी आत आली की दगडाबाईंनी विठ्ठलाचे नाव घ्यायला तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. पडद्यावर अठ्ठावीस पूर्णांक एक होते.

जयसिंगरावांनी आरशात मागे पाहिले. शितलने नवी साडी नेसली होती. गोधडीने साडी चुरगळेल म्हणून ती घेत नव्हती. तिच्या बोटांची नखे जांभळी पडली होती आणि ती हात काखेत धरून मुकाट बाहेर बघत होती. तिला लहानपणी खोकला झाला की रात्रभर छातीवर घेऊन बसणारा हाच माणूस होता. त्याचा हात आपसूक पुढे गेला आणि त्याने हीटरचे बटण दाबले. इंजिन घरघरले. न्हावऱ्यापर्यंत आकडा सत्तावीस पूर्णांक नऊवर आला. जयसिंगरावांनी बटण बंद केले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, लेकीसाठी की दोन पॉइंटांसाठी, हे त्यांचे त्यांनाही नक्की सांगता आले नसते.

पुढे उतार पकडत, ब्रेक जपत, मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खात त्यांनी गेलेले परत मिळवले. शिरूरला सोपानरावांच्या दारात गाडी थांबली तेव्हा पडद्यावर बरोबर अठ्ठावीस होते. उतरताना जयसिंगरावांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

"आधी गाडी बघायची का?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारले.

"आधी च्या घ्या. गाडी कुठं पळती," सोपानराव म्हणाले.

बैठक लांबली. घर बघून झाले, कांद्याची चाळ बघून झाली, देण्याघेण्याचे काही नाही हे दोन्हीकडून इतक्या वेळा सांगून झाले की त्यालाच दुपार व्हायची वेळ आली. मध्येच कुणीतरी म्हणाले, पोरापोरीला जरा बोलू द्या. त्यावर शितल उठली, मुलगा उठला, आणि त्यांना एकटे कसे सोडायचे म्हणून दगडाबाई उठल्या. दगडाबाईंबरोबर सोपानरावांच्या आई भागुबाई उठल्या. हे चौघे कुठे बसले असतील, हा विचार पुरुषमंडळींच्या मनात आला नाही. मंडळी आता पत्रिकेत कुणाची नावे घालायची या अवघड विषयावर होती.

शेवटी सोपानरावांनी मांडीवर थाप मारली. "चला पाव्हणं. पडदा बघू."

दोघे व्याही अंगणात आले आणि थांबले. गाडीच्या सगळ्या काचा बंद होत्या आणि आतून वाफाळल्या होत्या. इंजिन चालू होते. गाडी जागची हललेली नव्हती, पण सायलेन्सरमधून धूर निघत होता. जयसिंगरावांनी दार उघडले तशी चुलीपुढे बसल्यासारखी ऊब तोंडावर आली. स्टिअरिंगवर शितल होती (पडदा दाखवायच्या घाईत किल्ली गाडीतच राहिली होती), शेजारी नवरा मुलगा होता, आणि मागे दोन म्हाताऱ्या चपला काढून, मांडी घालून, शेंगा खात बसल्या होत्या. हीटर पुरा सोडलेला होता. शितलच्या गालांवर रंग आला होता. कधी नव्हे ते ती मोकळी हसत होती. जयसिंगरावांना ते बघून आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली, कारण पडद्यावर एकवीस होते.

सोपानरावांनी वाकून आकडा दोनदा वाचला.

"पाव्हणं, तुम्ही अठ्ठावीस म्हनला हुता."

आता खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. "बिगर हीटरचं अठ्ठावीस," जयसिंगराव खाली बघत म्हणाले.

तेवढ्यात मागून भागुबाई बोलल्या. "सोपाना, ह्यांच्या गाडीत शेकोटी हाय बघ. आपल्या गाडीत का न्हाई?"

"त्ये मॉडेल येगळं हाय, आई," सोपानराव म्हणाले.

"मॉडेल एकच हाय, आण्णा," नवरा मुलगा मान खाली घालून म्हणाला. शितलने त्याच्याकडे पाहिले. तिचे लग्न त्या क्षणी ठरले, बाकीचे विधी नंतर झाले.

भागुबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "म्हंजी आपल्याबी गाडीत हाय? मग दोन हिवाळं माझं गुडघं आखडलं त्ये कशापायी?"

सोपानराव वाकून टायरमधली हवा बघू लागले. जयसिंगरावांनाच त्यांची दया आली. एका माणसाचे दुःख दुसऱ्याला इतके तंतोतंत समजल्याची उदाहरणे सोयरिकीच्या इतिहासात थोडी आहेत. "आईसाहेब, त्यानं आवरेज पडतं," ते हळूच म्हणाले.

"पडू द्या," भागुबाई म्हणाल्या. "सुपारी फोडा. पोरीला बटन कुठं हाय त्ये ठावं हाय."

सुपारी फुटली. लग्नाच्या यादीत, मानपानाच्या खाली, एक जादा कलम घालण्यात आले: उभय घरच्या वडीलधाऱ्या बायका गाडीत असताना हीटर चालू राहील. दोन्ही व्याह्यांनी त्या कलमाखाली, इतर कलमांपेक्षा बारीक अक्षरांत, सह्या केल्या. कासुर्डीला परतताना कलमाची अंमलबजावणी झाली. दगडाबाई चौफुल्यापर्यंत उबेत घोरत आल्या.

दुसऱ्या दिवशी यवतच्या स्टँडवर जयसिंगराव भेटले तेव्हा लोकांनी विचारले, "शिरूरला जाऊन आलात म्हनं. किती दिलं?"

मुलीचे लग्न जमले, हे सांगायचे जयसिंगरावांच्या ओठांवर होते. पण प्रश्न तो नव्हता. ते म्हणाले, "अठ्ठावीस."

हकिगत इथे संपते. नवऱ्या मुलाचे नाव काय, तो करतो काय, शिकलाय किती, हे सांगायचे राहूनच गेले. जिचा जन्म त्याच्याबरोबर जायचा, तिच्या लग्नाची गोष्ट आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मध्ये कुणीही ते विचारले नाही. यात वाचकांना दोष देता येणार नाही, आपण सगळेच पडद्याकडे बघत होतो. परतीचे, हीटर लावून, तेवीस पडले.