एक जानेवारी एकोणीसशे सत्तर

शनिवारी दुपारी चार वाजता तुमकूरच्या शिवमूर्ती कल्याण मंटपाच्या दारात एकाच वेळी दोन नवऱ्या उतरल्या.

व्यवस्थापक रुद्रप्पा धावत ऑफिसात आले. "वनजम्मा, उद्याचं लग्न एकच ना?"

"एकच."

"मग दारात दोन नवऱ्या कशा? दोघींबरोबर तांदळाची पोतीसुद्धा आहेत."

वनजा बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये होती. जानेवारीत तिचे वडील, अप्पा, वारले आणि मंटप तिच्याकडे आला. अप्पांची बुकिंगची वही तिने बाहेर टाइप करून घेतली. गिऱ्हाईक सांगेल तशी तारीख अप्पा उतरवून घेत, म्हणून तारखा ओळखणारा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला. आधी दिवस, मग महिना. पुढचा मजकूर फालतू. जी तारीख मुळीच कळणार नाही, तिला संगणक आपोआप १ जानेवारी १९७० लावी. तशी एकच नोंद निघाली, अनुक्रमांक एकची. त्या साली मंटपाच्या जागी नारळाची बाग होती, म्हणून रुद्रप्पा आठवडाभर हसत होते.

आता ते हसत नव्हते. एका नवरीची आई, सुमित्रम्मा, टेबलापुढे उभी होती.

"अम्मा, तुमचं लग्न सहा मेला होतं," वनजा म्हणाली. "आम्ही मंटप सजवून बसलो. तुम्ही आलाच नाहीत!"

"मग फोन नाही करायचा?"

रुद्रप्पांनी मान खाली घातली. "वाटलं, लग्न मोडलं असेल. विचारायचं कसं?"

"म्हणजे माझ्या मुलीचं लग्न तुम्हीच मोडलंत, आणि वाईटही तुम्हालाच वाटलं!" सुमित्रम्मांनी पर्समधून पावती काढली. अप्पांचं अक्षर: ६/५, रविवार. "जावई अमेरिकेतला. तिकडे आधी महिना लिहितात. परवा त्याचं विमान आहे. लग्न उद्या झालं नाही, तर तो एकटाच जाणार."

"आणि माझं काय?" दुसऱ्या नवरीचे वडील गंगाधरय्या गरजले. "माझ्याकडे संगणकाची पावती आहे."

"माझ्याकडे शिवमूर्ती अप्पांच्या हातची आहे."

वनजाने कॅलेंडर पाहिलं. सहा मेला शुक्रवार होता. पाच जूनला, म्हणजे उद्या, रविवार. अप्पांनी प्रत्येक तारखेपुढे वार लिहिला होता, आणि तोच तिने फालतू म्हणून टाकून दिला होता.

"मुहूर्त किती वाजता, अय्या?"

"सकाळी सहा चाळीस."

"अम्मा, तुमचा?"

"दहा पन्नास."

"नऊला व्यासपीठ रिकामं करून देते."

"नऊला माझी माणसं पंगतीत असतील," गंगाधरय्या म्हणाले.

"माझीही तिथेच बसवा," सुमित्रम्मा म्हणाल्या. "वाढणाऱ्याला काय कळतंय, कोण कुणाचा पाहुणा?"

गंगाधरय्यांनी खिडकीतून पाहिलं. बाहेर दोन्हीकडचे आचारी एकाच चुलीला हात लावून उभे होते.

"आमच्याकडे पुरणाची होळिगे आहे," शेवटी ते म्हणाले. "तुमच्याकडे?"

"चिरोटी. बदामाच्या दुधात."

"मग हरकत नाही."

रविवारी दोन्ही लग्नं वेळेवर लागली. गंगाधरय्यांच्या थोरल्या भावाने दोन्हीकडे अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या वेळी तो जास्त रडला, एवढाच काय तो घोटाळा.

संध्याकाळी वनजाने प्रोग्रामला वार वाचायला शिकवलं. सात तारखा जागच्या हलल्या. रुद्रप्पांनी सात घरी फोन केले, सात घरी बोलणी खाल्ली.

"ती एक अजून सत्तर सालातच बसलीय," ते म्हणाले.

वनजाने मूळ वही काढली. पहिलं पान, पहिली नोंद. नाव: वनजा. तारीख: ती हो म्हणेल तेव्हा. वाराची जागा कोरी.

तिने पानावरची धूळ हाताने पुसली. धूळ नव्हती.

"काढून टाकू का, वनजम्मा?"

"राहू द्या," ती म्हणाली. "त्या दिवशी दुसरं कुणाचं बुकिंग नाही."